सातारा एमआयडीसीतलं गॅरेज : ४३ भोकं, दोन पावसाळे

मी शिवणकाम करते. शनिवार पेठेत आमचं छोटं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत शिवलेली नऊवारी, असं २६ वर्षं चाललंय. दुसऱ्या कुणी शिवलेला कपडा दुरुस्तीला आला की मी तो आधी उलटा करून बघते. सुलट बाजू सगळेच नीट करतात, हात कसा आहे ते आतल्या शिलाईत कळतं. या गॅरेजनं मला गाडीच्या पत्र्याची उलटी बाजू दाखवली, मी न मागता दाखवली, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. आणि मुद्दाम दोन पावसाळे थांबून लिहितेय. नवीन रंगवलेली गाडी पहिल्या दिवशी कुठल्याही गॅरेजमधून चकाकतच बाहेर येते.

गाडी मामंजींची. १९९१ ची प्रीमियर पद्मिनी, मोतिया रंगाची. मामंजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९९८ साली पाचगणीच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ही गाडी घेतली आणि वर्षभरात हौसेनं सजवली. दोन्ही बाजूंनी हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत स्टीलच्या पट्ट्या, डिकीवर जादा मोनोग्राम, फेंडरवर रेडिओची उभी एरियल. तेव्हा ती पद्धतच होती. पट्ट्या बसवणाऱ्यानं पत्र्याला ड्रिलनं भोकं पाडली, क्लिपा ठोकल्या आणि जिथं क्लिप धरेना तिथं सरळ स्क्रू पिळले.

२०१७ मध्ये त्या पट्ट्या काढायची वेळ आली, कारण पट्टीखालून दारावर तांबडे ओघळ यायला लागले होते. भोक पाडलं की कडेचा पत्रा उघडा पडतो. क्लिप हलून हलून तिथला उरलासुरला रंग खाते, आणि पट्टीच्या मागं चिखलपाणी साचून राहतं. त्यात ही गाडी पावसाळ्यातसुद्धा यवतेश्वरचा घाट चढून मामंजींच्या गावी जायची.

तेव्हा गाडी ज्यांच्याकडे दिली त्यांचं नाव मी लिहिणार नाही. मला बोलायचंय ते पद्धतीबद्दल, आणि ती पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. त्यांनी भोकाच्या मागून कागदी टेप लावली, पुढून लांबी (म्हणजे पुट्टी) भरली, घासली आणि वर रंग मारला. चार दिवसांत गाडी हातात. दिसायला सुरेख. पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिवाळीच्या आधी, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात, दारावर एका ओळीत रुपयाएवढे गोल दिसले. हाताला काही लागत नव्हतं, नुसते दिसायचे. पुढच्या वर्षी ते फुगले. एक दिवस गाडी पुसताना फडक्याबरोबर लांबीचं एक बटण निघून माझ्या हातात आलं. खरंच बटणासारखं, गोल, आणि मागची बाजू ओली, तांबडी. आत बोट घातलं तर टेपचा लगदा. मामंजी शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत, आत जाऊन बसले. ते मला फार लागलं.

त्यानंतर तीन-चार वर्षं गाडी तशीच कव्हरखाली होती. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये पेपरात आलं की मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचा शेवटचा दिवस झाला. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबरपासून ती रस्त्यावर नाही. मामंजींनी ती बातमी दोनदा मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, ‘‘सूनबाई, आपली तरी नीट करून घेऊ.’’

मी तीन ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी गाडीभोवती एक चक्कर मारून ‘‘पुट्टी भरून कडक करून देतो, ताई’’ एवढंच उत्तर मिळालं. तिसरं हे, कोडोलीच्या बाजूला जुन्या एमआयडीसीत. पत्र्याची शेड, बाहेर दोन आंब्याची झाडं. मालक तरुण आहेत, पस्तिशीचे, पण पत्र्याचं काम बघतात ते साठी उलटलेले डेंटर, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. चाचांनी खिशातून लोहचुंबक काढलं, त्याला सुती फडकं गुंडाळलं आणि दारावरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. चांगल्या पत्र्यावर चुंबक धरायचं, लांबी जाड असली की सुटायचं. जिथं सुटेल तिथं ते खडूनं गोल करत गेले. मी पिशवीतून माझा चपटा खडू काढून दिला, तो त्यांना जास्त आवडला. एका बाजूला १९ गोल झाले, दुसऱ्या बाजूला १९, डिकीवर चार आणि फेंडरवर एरियलचं एक मोठं. ४३. आम्ही घरी कधी मोजलीच नव्हती.

मी विचारलं, पुन्हा लांबी भरली तर काय होईल? चाचा म्हणाले, ‘‘ताई, लांबी पत्र्यावर बसती. हवेत बसत न्हाई. भोकाला आधी पत्रा पायजे.’’ मग त्यांनी समजावून सांगितलं. लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती ओल पिते. पुढून रंग असतो म्हणून तिथून पाणी जात नाही, पण दाराच्या आत काचेच्या फटीतून प्रत्येक पावसात पाणी उतरतं. ते पाणी लांबीला मागून भेटतं. शिवाय उन्हात पत्रा आणि लांबी सारख्या प्रमाणात पसरत नाहीत, थंडीत आकसतानाही तेच, आणि दार आपटलं की लांबी हादरते. भोकाच्या कडेला धरून ठेवणारं काहीच नसल्यावर ती सुटणारच. मला हे लगेच पटलं. फाटलेल्या जागी मागून कापड न लावता नुसता दोरा भरत बसलं तर दोन धुण्यात तो गोळा होऊन निघतो. आधी ठिगळ, मग रफू.

मी गाडी २० नोव्हेंबरला दिली. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, त्या वेळात मी बऱ्याचदा जाऊन बसायचे. मालकांनी कधी हटकलं नाही. वेल्डिंग चालू असताना लांब बसा आणि ठिणगीकडे बघू नका, एवढं मात्र दर वेळी सांगितलं.

कामाच्या आधीची तयारीच तीन दिवस चालली. बॅटरी काढली, सीटा काढल्या, दारांच्या आतली रेक्झिनची कार्डं उतरवली, पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर लांब नेऊन ठेवली. जवळ पाण्याची बादली आणि भिजवलेलं पोतं. मग जुनी लांबी काढली. प्रत्येक भोकाभोवती दोन बोटं रुंद रंग घासून पत्रा पांढरा केला, पुढून आणि मागूनही. भोकाची कड गंजलेली होती ती ड्रिलनं थोडी मोठी करून चांगल्या पत्र्यापर्यंत नेली. मी म्हटलं, बुजवायचं तर मोठं कशाला करताय? म्हणाले, ‘‘गंजावर वेल्डिंग धरत न्हाई, नुसतं फसफसतं.’’ आम्ही विरलेल्या कापडाला टीप घालत नाही, आधी विरलेलं कापून टाकतो, तेच.

आता एक भोक कसं बुजवलं ते लिहिते, कारण मी ते एक हातभर अंतरावरून बघितलं, मला काळी काच दिली होती. डावीकडचं पुढचं दार, तिसरं भोक. चाचांकडे तांब्याच्या नळीचा एक तुकडा आहे, फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून आणलेला, ठोकून चपटा केलेला आणि एका जाड तारेला बांधलेला, उलथन्यासारखा. तो त्यांनी दाराच्या आतून भोकाच्या मागं घट्ट दाबून धरला. तांब्याला वितळलेलं लोखंड चिकटत नाही, आणि तांबं उष्णता ओढून घेतं, म्हणून पत्रा जळत नाही. मग सीओटू वेल्डिंगची गन, ०.८ मिलिमीटरची तार. टक्. अर्धा सेकंद. थांबले. पुन्हा टक्. भोकाच्या कडेकडेनं चार-पाच टाके, आणि शेवटचा मधोमध. तांबं काढलं तर मागून गुळगुळीत टिकली बसलेली.

आणि लगेच ते त्या दारावरून उठले! दुसरं भोक शेजारी हातभरावर होतं, ते घेतलं नाही. पलीकडे जाऊन डिकीवरचं एक केलं, मग मागच्या दाराचं, मग फेंडरचं. पंधरा-वीस मिनिटांनी या दाराकडे परत आले, आधी तळहाताची मागची बाजू लावून पत्रा निवला का ते बघितलं, मगच पुढचं भोक. एका जागी उष्णता साठली की सपाट पत्रा ताणला जातो आणि मग दाबला की डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर डबडब करतो. तसा एकदा झाला की सरळ करणं महाकठीण. पत्र्याची जाडी एक मिलिमीटरच्या आतबाहेर, त्याला घाई सोसत नाही. चाचांनी ४३ भोकांना साडेतीन दिवस घेतले.

वेल्डिंगचा टाका निवताना आकसतो आणि भोवतीचा पत्रा आत ओढतो. नुसतं वर ग्राइंडर फिरवला तर टाका सपाट होतो, पण भोवतीची खोलगट वाटी तशीच राहते. ही गोष्ट मला कपड्यावरून माहीत होती, दोरा जास्त ओढला की टिपेला चुण्या पडतात. त्यावर चाचा मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायचे आणि पुढून छोट्या हातोडीनं टाक्यावरच हलके ठोके द्यायचे. टाका पसरतो, पत्रा पुन्हा जागेवर येतो. मग फ्लॅप व्हील, म्हणजे ग्राइंडरवरचं घासायचं चाक, तेही लावायचं आणि उचलायचं, लावायचं आणि उचलायचं. पत्र्यावर निळी झाक आली की ते मान हलवायचे. निळं म्हणजे जास्त तापलं.

सगळं झाल्यावर संध्याकाळी शेडचे दिवे बंद केले आणि दाराच्या आत हॅलोजन ठेवला. दारावर दोन जागी सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. मागच्या फेंडरवर एक. मी दुकानात जुनी पैठणी उजेडाकडे धरून बघते, अगदी तसंच. त्या तीनही जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरल्या. त्या संध्याकाळी मी मामंजींना सोबत नेलं होतं. अंधारात ते दार बघून ते म्हणाले, ‘‘चाचा, हे माझ्या शाळेत दाखवायला पाहिजे होतं तुम्ही.’’

एरियलचं भोक नुसत्या टाक्यांनी भरण्यासारखं नव्हतं, आठ आण्याच्या नाण्याएवढं. त्यासाठी त्याच जाडीच्या पत्र्याची गोल टिकली कापली, कानस मारून अशी बसवली की कडेला जेमतेम नखाच्या जाडीएवढी फट राहावी. समोरासमोर चार टाके, मग मधले. टिकली भोकापेक्षा मोठी कापून मागून चिकटवली असती तर काम तासाभरात झालं असतं, पण मग दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी धरतं आणि तिथूनच गंज सुरू होतो, म्हणून तसं केलं नाही.

दुसऱ्या पद्धतीही मी विचारल्या. गॅसवर पितळ ओतून भोक बुजवतात, जुने लोक अजून करतात. ते पक्कं बसतं, पण पत्रा लांबपर्यंत तापतो आणि वळतो, आणि टाकणखार काचेसारखा कडेला राहतो. तो खरवडून काढला नाही तर त्या जागी रंग धरत नाही. चाचा त्यांच्या उस्तादांकडे शिसं-कथील भरायला शिकले होते, सत्तर भाग शिसं, तीस भाग कथील. १८३ अंशांना ते मऊ व्हायला लागतं आणि पूर्ण पातळ व्हायला अडीचशेच्या पुढं जावं लागतं. मधल्या उष्णतेत ते कणकेसारखं राहतं, लाकडी फळीनं पत्र्यावर सारवता येतं. हे सांगताना त्यांचा हात हवेत तसा फिरत होता. आता ते करत नाहीत, शिशाचा धूर आणि कीस पोरांच्या अंगात जातो म्हणून. ते त्यांनी सोडलं हे बरं केलं.

ज्या भोकांना हात लावायचा नसतो तीही त्यांनी मला दाखवली. प्रत्येक दाराच्या तळाला लांबट भोकं असतात, आत उतरलेलं पाणी बाहेर जायला. आमच्या दोन दारांची ती २०१७ च्या कामात लांबीनं आणि रंगानं बंद झाली होती. म्हणजे सहा वर्षं दारात पाणी साचत होतं आणि आम्ही दोष देत होतो पावसाला. चाचांनी तार घालून ती मोकळी केली, आत बाटलीभर पाणी ओतलं आणि खाली धार लागलेली मला दाखवली. तुमची कुठलीही गाडी रंगवून आली की दाराखाली बोट फिरवून ही भोकं उघडी आहेत का एवढं बघाच. दाराचं आतलं कार्ड ज्या भोकांत क्लिपांनी बसतं तीही बुजवायची नसतात.

नव्या गाडीवाल्यांसाठी एक सांगते, कारण मालकांना मी माझ्या भाच्याच्या गाडीबद्दल विचारलं होतं. हल्ली बऱ्याच गाड्यांची नावं आणि दाराच्या पट्ट्या दुहेरी टेपवर चिकटवलेल्या असतात. हेअर ड्रायरनं गरम करून मागून मासेमारीचा नायलॉन दोरा ओढला की निघतात, खाली भोक नसतंच. काहींना जागा धरायला एक-दोन खुंट्या असतात, तेवढीच भोकं. बंपर प्लास्टिकचे, त्यांचं काम अगदी वेगळं. तेव्हा पट्टी काढायच्या आधीच वेल्डिंगचं बोलू नका.

आता रंगाकडे. तो भाग मी कमी बघितला, लग्नसराई सुरू झाली होती. जे माहीत आहे ते लिहिते. वेल्डिंगनं मागचा रंगही जळतो, म्हणून आधी मागून प्रत्येक टाक्यावर एपॉक्सी प्रायमर ब्रशनं लावला, वाळल्यावर मेणाचा फवारा मारला. चाचांनी मला दाराच्या आत मान घालून बघायला लावलं. टॉर्चच्या उजेडात एका ओळीत सहा करडे ठिपके, वर मेण. रंग झाल्यावर आणि कार्डं बसल्यावर ते पुन्हा कुणाला दिसणार नाहीत.

पुढून प्रायमर, त्यावर लांबीचा अगदी पातळ हात. हो, लांबी इथंही वापरली, पण पाणी लावून घासली नाही. कोरडा पेपर, लांब लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. २०१७ मध्ये पाणीपेपरनं धुऊन घासली होती, म्हणजे ओल आम्ही स्वतःच आत भरली होती. लांबीत हार्डनर प्रमाणाबाहेर घातला तर रंगावर तांबूस डाग उमटतात, म्हणून इथं मुलगा वजनकाट्यावर मोजून घालतो, शंभराला दोन. वर सरफेसर, म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग एकसारखा करणारा थर, त्यावर काळ्या पुडीचा हात. घासताना जिथं काळं राहील तो खड्डा. हे फारच सोपं आणि छान, मी आमच्या मुलींना इस्त्री शिकवताना असंच काही तरी करता येईल का बघतेय.

रंग जुळवायला त्यांनी दाराचा बाहेरचा रंग घेतला नाही, तो उन्हानं उडालेला आणि वर सहा वर्षांपूर्वीचा. डॅशबोर्डखालचा मूळ रंग घेतला. आम्ही जुन्या कपड्याचा रंग शिलाईच्या आत बघतो. रंग तोच ठेवला, त्यामुळे आरसी बुकात काही बदलायला लागलं नाही.

तक्रारी आहेत, आणि त्याही तेवढ्याच स्पष्ट लिहिते.

सांगितले होते २५ दिवस, लागले ४१. गाडी ३१ डिसेंबरला संध्याकाळी मिळाली. यातले आठ-दहा दिवस मला मान्य आहेत. सरफेसर मारल्यावर त्यांनी गाडी तशीच ठेवली होती आणि मी फोनवर चिडले. मालक म्हणाले, आत्ता रंग मारला तर खालचा थर नंतर आटेल आणि गोल पुन्हा दिसतील. नवीन सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय मी कापत नाही, त्यामुळे पुढं काही बोलले नाही. पण उरलेला उशीर दुसऱ्या गाड्या मध्ये घेतल्यामुळे झाला, आणि तो कळवायला हवा होता. दुपारनंतर फोन उचलतच नाहीत.

अंदाज तोंडी होता, ६५ हजार. बिल झालं ७४,५००. वाढ कशाची ते मला माहीत आहे. मॅट काढल्यावर ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा सडलेला निघाला, त्याचा फोटो पाठवून आधी विचारलं होतं. तरी पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्यायला हवं, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही बरं. भोकांचा हिशोब मात्र चोख होता, ४२ भोकं प्रत्येकी दीडशेनं आणि एरियलचं सहाशे, एकूण ६,९००. लांबी भरून बुजवायचे दुसरीकडे यातलं काहीच वेगळं घेत नव्हते.

काचांची रबरं नवीन घालायचं ठरलं होतं, दोन दारांना जुनीच घातली. दाखवल्यावर बदलून दिली, पण मला दाखवावी लागली.

सगळ्यात जास्त मला खटकलं ते वेगळंच. पहिल्या दिवशी रंग मारणाऱ्या मुलाच्या तोंडाला नुसता रुमाल होता. दोन डब्यांचा जो रंग असतो त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा लागू शकतो. माझ्या बहिणीचे यजमान असंच काम करायचे, आज दोन जिने चढू शकत नाहीत. मी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं की मुलाला मास्क मिळाल्याशिवाय माझी गाडी रंगवू नका, उशीर झाला तरी चालेल. ते गप्प राहिले, मग हो म्हणाले. चार दिवसांनी गेले तेव्हा फिल्टरचा मास्क होता, हातमोजेही होते. गेल्या महिन्यात सहज डोकावले तेव्हाही मुलानं तो घातलेला होता. तुम्ही गेलात तर तुम्हीही बघा, विचारा. मालक ऐकून घेणारे आहेत. कंप्रेसरमधून स्वच्छ हवा देणारा मास्क त्यांनी आणावा असं मला वाटतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंय.

बायकांना थांबायला, पाणी प्यायला सोय नाही. खुर्ची मागितली की मिळते.

आणि आता निकाल. २०२४ आणि २०२५ चे दोन्ही पावसाळे गाडी उघड्यावर होती, फक्त वर पत्रा. जुलैत दोनदा यवतेश्वर चढली, धुक्यात दिवे लावून, आणि मामंजींना मेणवलीच्या घाटावर घेऊन गेलो तेव्हा वाईपर्यंत धो धो पाऊस लागला. मी दर महिन्याला संध्याकाळी पाच-साडेपाचला गाडी रस्त्याकडे तोंड करून लावते आणि तिरक्या उन्हात दोन्ही बाजू बघते. मामंजी खुर्ची टाकून बसतात आणि चाचांसारखंच फडक्यात चुंबक गुंडाळून दारावरून फिरवतात. ते सगळीकडे धरतं. ४३ पैकी ४२ जागा कुठं होत्या ते मला आता बोट ठेवून दाखवता येत नाही.

एक दिसते. उजव्या मागच्या फेंडरवर, टेललाइटच्या अलीकडे. तिथं पत्रा दुहेरी आहे, मागून हात जात नाही, तांबंही जात नाही. चाचांनी ती तीन भोकं नुसती कडेकडेनं टाके घालत भरली होती आणि तेव्हाच म्हणाले होते, ‘‘ताई, ह्या तिघांची मी लेखी देणार न्हाई. मागं ब्रश पोचला न्हाई, नुसतं नळीनं मेण सोडलंय.’’ त्यातल्या एकाचा, नीट बघितलं तर, पावलीएवढा पुसट गोल दिसायला लागलाय. फुगलेला नाही, हाताला लागत नाही. मी फोटो काढून पाठवला, त्यावर मालकांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. मार्चमध्ये हवा कोरडी झाली की गाडी घेऊन या, डिकीच्या बाजूनं आतला पत्रा थोडा कापून मागून उघडून बघू, पैसे लागणार नाहीत, असं चाचांनी सांगितलंय. मी १० मार्चची तारीख घेतलीय. या वेळी कागदावर.